स्वरांची अवजारे आणि त्यांचे मालक

मिरजेच्या कारागिराने घडविलेला तंबोरा एकदा गवयाच्या घरी आला, की त्या कारागिराच्या दुकानाचे पुढे काय होते याच्याशी तंबोऱ्याच्या स्वराचा काही संबंध उरत नाही. दुकान बंद पडो वा दुसऱ्याच्या मालकीचे होवो, भोपळा आणि तारा आपले काम करीतच राहतात. गेल्या चाळीस वर्षांत मात्र संगीताच्या क्षेत्रात वाद्यांचे व अवजारांचे एक असे कुटुंब जन्मास आले आहे, की ज्याला लाकूड नाही, कातडे नाही आणि तारही नाही. ते केवळ संगणकाला दिलेल्या आज्ञांचे बनलेले असते. अशा आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली असे म्हणतात. चित्रपटाचे पार्श्वसंगीत, आकाशवाणीवरील कार्यक्रम, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजणारी ध्वनिमुद्रित साथ, या साऱ्यांच्या मागे आज अशी एखादी आज्ञावली असते.

या आज्ञावल्या प्रथम लहान लहान संस्थांनी घडविल्या. पुष्कळदा दोनतीन मित्रांनी मिळून. पुढे त्यांपैकी अनेक संस्था मोठ्या कंपन्यांनी विकत घेतल्या. ही खरेदी केवळ व्यापाराची बाब आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः जी आज्ञावली वापरून संगीतकाराने आपली आयुष्यभराची रचना लिहिली, ती उद्या उघडता येईल की नाही, हा प्रश्न तीत गुंतलेला आहे. या पुस्तिकेत आपण त्याचा क्रमाने विचार करू.

संगणकाला स्वर कसा सांगतात?

संगणकाकडे संगीत दोन प्रकारे सोपविता येते. पहिला प्रकार ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजून ते आकडे साठविले जातात. ध्वनिचकतीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा केले जाते. दुसरा प्रकार सूचनांचा. यात प्रत्यक्ष ध्वनी साठवीत नाहीत. ‘अमुक पट्टी, अमुक जोराने, अमुक क्षणी दाबली’ एवढेच नोंदवितात. पहिला प्रकार छायाचित्रासारखा, तर दुसरा स्वरलिपीसारखा आहे.

सूचनांच्या या पद्धतीचे सर्वमान्य रूप म्हणजे मिडी होय. १९८१ मध्ये अमेरिकेतील सिक्वेन्शिअल सर्किट्स या संस्थेचे संस्थापक डेव्ह स्मिथ यांनी, निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे अशा एका समाईक भाषेची कल्पना मांडली. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी तीस पाठबळ दिले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात या दोन प्रतिस्पर्धी संस्थांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. एका वाद्याची पट्टी दाबली असता दुसरे वाद्य वाजू लागले!

मिडीची घडण अतिशय साधी आहे. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असून पियानोच्या मध्य सप्तकातील षड्जाला, म्हणजे मध्य ‘सी’ला, ६० हा क्रमांक आहे. पट्टी दाबण्याचा जोरही शून्यापासून १२७ पर्यंतच मोजतात. तारेतून दर सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक वाहतात. एका स्वराची सूचना सुमारे तीस अंकांची असल्याने ती पोहोचण्यास एका सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही भाषा कोणा एका कंपनीच्या मालकीची ठेवण्यात आली नाही. ती वापरण्यास कोणालाही मुभा होती. लहान संस्थांचे पुढील युग या एका निर्णयावर उभे राहिले.

लहान कार्यशाळांचे युग

जर्मनीतील हँबुर्ग या बंदराच्या शहरात १९८४ मध्ये कार्ल स्टाइनबर्ग आणि मॅनफ्रेड रूरुप या दोघांनी एक लहानशी संस्था काढली. कॉमोडोर ६४ या स्वस्त घरगुती संगणकावर मिडीच्या सूचना टिपून पुन्हा वाजविणारी आज्ञावली त्यांनी तयार केली. १९८५ मध्ये अटारी एसटी हा संगणक बाजारात आला. त्यात मिडीची जोडणी मुळातच दिलेली होती. याच संगणकावर १९८९ मध्ये स्टाइनबर्गची क्यूबेस ही आज्ञावली अवतरली. हँबुर्गच्याच परिसरात गेरहार्ड लेंगेलिंग आणि ख्रिस अ‍ॅडम यांनी अटारीसाठी नोटेटर ही आज्ञावली लिहिली, आणि पुढे ईमॅजिक ही संस्था स्थापून लॉजिक या नावाने तिची नवी आवृत्ती सिद्ध केली.

अमेरिकेतही असेच घडत होते. कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये डेव्ह ओपनहाइम यांनी ओपकोड ही संस्था काढली. मिडीच्या सूचना आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दोन्ही एकाच पडद्यावर आणण्याचा मान तिच्या स्टुडिओ व्हिजन या आज्ञावलीकडे जातो. मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेग हेंडरशॉट यांनी १९८७ मध्ये केकवॉक बाजारात आणली. स्वरलिपी लिहून छापण्यासाठी १९८८ मध्ये फिनाले आली. इंग्लंडात बेन आणि जोनाथन फिन हे जुळे बंधू १९८६ पासून अशाच कामात गढले होते. त्यांची सिबेलियस ही आज्ञावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली.

या संस्थांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. आज्ञावली लिहिणारा स्वतः संगीत जाणणारा होता, आणि ती वापरणारा त्याला थेट पत्र लिहू शकत होता. वादकाची अडचण कारागिराच्या कानी पडे आणि पुढील आवृत्तीत ती दूर होई.

१९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी ही पद्धत जाहीर केली. तिच्यामुळे एका संस्थेच्या मुख्य आज्ञावलीत दुसऱ्या संस्थेने घडविलेले लहान उपकरण जोडता येऊ लागले. १९९९ पासून संपूर्ण वाद्येही अशी जोडता आली. आता एखाद्या एकट्या कारागिरालाही घरी बसून नुसते एक वाद्य घडविणे आणि ते जगभर विकणे शक्य झाले.

खरेदी का होते?

मोठी कंपनी लहान संस्था विकत घेते, तेव्हा ती नेमके काय विकत घेत असते? यंत्रे आणि जागा क्वचितच. तिला हवी असते लिहून तयार असलेली आज्ञासंहिता, ती लिहिणारी माणसे, संस्थेचे नाव, आणि त्या नावावर विश्वास ठेवणारे ग्राहक. कोणाला आपले संगणक खपविण्यासाठी चांगली आज्ञावली हवी असते. कोणा वाद्यनिर्मात्याला आपल्या वाद्यांना जोड हवी असते. तर गुंतवणूक करणाऱ्या पेढीला अनेक लहान नावे एकत्र बांधून त्यांचे मूल्य वाढवावयाचे असते.

विकणाऱ्याच्या बाजूनेही कारणे असतात. आज्ञावली एकदा लिहून संपत नाही. ज्या संगणकावर ती चालते त्याची मूळ प्रणाली वरचेवर बदलते, आणि प्रत्येक बदलाबरोबर आज्ञावली सुधारून घ्यावी लागते. हा खर्च ग्राहक थोडे असोत वा फार, सारखाच येतो. त्यात चोरून नकला करणाऱ्यांचा उपद्रव असतोच. वीस वर्षे असे झगडल्यावर संस्थापकाला विश्रांती घ्यावीशी वाटली, तर त्यास दोष देता येत नाही.

चार खरेदींची कथा

परिणाम मात्र सर्वत्र सारखे झालेले नाहीत. ते समजण्यासाठी काही उदाहरणे पाहणे उपयुक्त होईल.

१९९८ मध्ये गिटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या गिब्सन या अमेरिकन कंपनीने ओपकोड विकत घेतली. पुढील वर्षीच तेथील नवनिर्मितीचे काम थांबले. कोणी प्रतिस्पर्धी तिला बाजारात हरवून गेला नव्हता. ज्याने घेतली त्याच्याच हाती ती मिटली. स्टुडिओ व्हिजनमध्ये काम करणाऱ्या संगीतकारांना जुने संगणक जपून ठेवणे अथवा सर्व काम दुसरीकडे हलविणे, एवढेच दोन मार्ग उरले.

१ जुलै २००२ रोजी अ‍ॅपल कंपनीने ईमॅजिक विकत घेतल्याचे जाहीर केले. ईमॅजिकच्या उत्पन्नाचा ६५ टक्क्यांहून अधिक भाग अ‍ॅपलच्या संगणकांवरील विक्रीतून येत होता. उरलेले ग्राहक विंडोज प्रणाली वापरणारे होते, आणि त्यांच्यासाठीची आवृत्ती त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद करण्यात आली. तीन महिन्यांच्या मुदतीत त्यांना संगणक बदला किंवा आज्ञावली बदला, असा निर्णय करावा लागला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लॉजिक मेले नाही. अ‍ॅपलच्या घरी ते वाढले. २००७ मध्ये त्याची किंमत निम्म्यावर, सुमारे ५०० डॉलरवर आली, आणि २०११ च्या अखेरीस ते २०० डॉलरच्या आत मिळू लागले. लेंगेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून २००४ मध्ये गॅरेजबँड ही सोपी आज्ञावली निघाली आणि अ‍ॅपलच्या संगणकांबरोबर ती असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती पडली. म्हणजे एकाच खरेदीने काहींना रस्त्यावर आणले आणि इतर पुष्कळांना दार उघडून दिले.

केकवॉकचा प्रवास अधिक वळणांचा आहे. २००८ मध्ये तिचा मोठा हिस्सा रोलँडकडे गेला; २०१३ मध्ये रोलँडकडून ती गिब्सनकडे आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने तिचे काम थांबविल्याचे जाहीर केले, आणि पुढील मे महिन्यात गिब्सनवरच दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागण्याची पाळी आली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सिंगापूरच्या बँडलॅब या संस्थेने केकवॉकची आज्ञासंहिता विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. येथे दुसऱ्या खरेदीने बुडवू पाहिलेले तिसऱ्या खरेदीने वाचविले. एवंच, खरेदी ही स्वतः वाईट वा चांगली नसते. घेणाऱ्याचा हेतू आणि त्याची आर्थिक प्रकृती यांवर सारे अवलंबून असते.

चौथी कथा माणसांची आहे. ध्वनि-चित्रसंपादनाची साधने बनविणाऱ्या अ‍ॅव्हिड कंपनीने २००६ मध्ये सिबेलियस विकत घेतले. २०१२ मध्ये काटकसर करताना तिने सिबेलियसचे लंडनमधील कार्यालय बंद करण्याचे ठरविले आणि अनुभवी मंडळी बाहेर पडली. त्यांपैकी बहुतेकांना स्टाइनबर्गने आपल्याकडे घेतले. डॅनिएल स्प्रेडबरी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कोऱ्या पाटीवर आरंभ करून २०१६ मध्ये डोरिको ही स्वरलेखनाची नवी आज्ञावली प्रसिद्ध केली. संहिता, नाव आणि ग्राहक विकत घेता येतात. परंतु त्या संहितेत कोणती ओळ का लिहिली हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस विकत घेता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

विशेष असे, की जिने हा आश्रय दिला ती स्टाइनबर्गही तोवर स्वतंत्र राहिली नव्हती. २००३ मध्ये ती पिनॅकल सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीकडे आणि २००५ मध्ये जपानच्या यामाहाकडे गेली होती. यामाहाने तिचे नाव, तिचे हँबुर्गमधील घर आणि तिचे काम चालू ठेवले. शंभर वर्षांहून अधिक काळ वाद्ये घडविणाऱ्या धन्याला कारागिराची किंमत कळते, असे म्हणावयास येथे आधार आहे.

आज्ञावली ‘मरते’ म्हणजे काय?

वाचक विचारील, की आज्ञावली झिजत नाही, गंजत नाही. मग कंपनीने काम थांबविले म्हणून बिघडले कोठे? उत्तर असे, की आज्ञावली स्वतः बदलत नसली तरी तिच्या पायाखालची जमीन बदलते. अ‍ॅपलने २००६ मध्ये आपल्या संगणकांतील गणनचिप बदलली आणि २०२० मध्ये पुन्हा एकदा बदलली. २०१९ मध्ये त्यांच्या नव्या प्रणालीने जुन्या, बत्तीस अंकी घडणीच्या आज्ञावल्या चालविणे सोडून दिले. अशा प्रत्येक वळणावर, जिच्यामागे माणूस नाही अशी आज्ञावली मुकी होते.

दुसरा धोका परवान्याचा. अनेक आज्ञावल्या नव्या संगणकावर बसविताना निर्मात्याच्या केंद्राकडे दूरसंदेशाने परवानगी मागतात. ते केंद्र बंद झाले, की पैसे देऊन घेतलेली वस्तूही उघडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेच्या निर्मात्यांनी पस्तीस वर्षांहून अधिक चाललेले काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. फिनाले वापरणाऱ्यांना डोरिको सवलतीने मिळण्याची सोय केली होती; पण वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनाले बसविण्याची परवानगी मिळणार नाही, असेही प्रथम सांगण्यात आले. ज्यांनी आपले सारे संगीत त्यात लिहून ठेवले होते, त्यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि ही अट थोड्याच काळात मागे घेण्यात आली. संगीतशिक्षक आणि रचनाकार एका आवाजात बोलले तर काय साधते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

अलीकडची वर्षे

अलीकडे खरेदीचा वेग वाढला आहे. २०२१ मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या प्रख्यात संस्थेत फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूक पेढीने मोठा हिस्सा घेतला. पुढे आयझोटोप आणि प्लगिन अलायन्स ही नावे तिच्याशी एका छत्राखाली आणण्यात आली. त्याच वर्षी फेंडर या गिटारनिर्मात्या कंपनीने प्रीसोनस घेतली. त्याच वर्षी, मिडीचे जनक डेव्ह स्मिथ यांची सिक्वेन्शिअल ही संस्था इंग्लंडच्या फोकसराइट समूहाकडे गेली. स्मिथ यांची मूळ संस्था १९८७ मध्येच यामाहाने घेतली होती. तिचे नाव २०१५ मध्ये यामाहाने सन्मानपूर्वक त्यांना परत केले होते. स्मिथ यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांची संस्था दोनदा विकली गेली, पण त्यांनी जगाला दिलेली समाईक भाषा कोणी विकत घेऊ शकला नाही.

मोकळ्या संहितेचेही असेच आहे. ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची आज्ञावली १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाली. तिची संहिता सर्वांना वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळी आहे. २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने तिचे नाव व व्यवस्थापन घेतले आणि वापरासंबंधी माहिती गोळा करण्याचा बेत मांडला. त्यावर मोठा गदारोळ होऊन कंपनीला तो बदलावा लागला. संहिता मोकळी असल्यामुळे, न पटणाऱ्यांना तिची वेगळी शाखा काढण्याचा मार्ग खुला होता. बंद संहितेच्या बाबतीत असा मार्ग नसतो.

आपल्या संगीताचा संबंध

भारतीय वाचकास या प्रश्नात आणखी एक गोष्ट दिसेल. मिडीचे स्वरक्रमांक पियानोच्या बारा समान पट्ट्यांवर आधारलेले आहेत. आपल्या संगीतातील मींड आणि आंदोलन हे या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत राहतात. ते दाखविण्यासाठी स्वर वाकविण्याची वेगळी सूचना असून तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. पण मूळ पद्धतीत ती एका मार्गावरील सर्व स्वरांना एकदमच वाकविते. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविता येतो. यावरून ध्यानात येईल, की अवजार घडविणारा कोणत्या संगीताचा विचार करतो यावर कोणते संगीत सुलभ होणार हे ठरते. मोठी कंपनी स्वभावतः मोठ्या बाजाराकडे पाहते. सतारीच्या मींडेसाठी, तबल्याच्या बोलांसाठी, मात्रा-विभागांच्या स्वरलिपीसाठी खपून काम करणारा बहुधा लहान कारागीरच असतो. तो नाहीसा झाला, तर लहान गरजाही कोणी विचारणार नाही.

ग्रंथालये आणि शाळा काय करू शकतात?

खरेदी थांबविणे आपल्या हाती नाही, आणि सर्वच लहान संस्था विकल्या जातात असेही नाही. बर्लिनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या एबलटन या संस्थेने स्वतःच्या बळावर मोठे होऊन दाखविले. विनॅम्प ही ध्वनी वाजविणारी आज्ञावली लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांनी १९९९ मध्ये आपली संस्था एका बलाढ्य कंपनीस विकली. पुढे तेथून बाहेर पडून त्यांनी रीपर ही ध्वनिमुद्रणाची आज्ञावली एका लहान, स्वतंत्र संस्थेमार्फत काढली.

आपल्या हाती आहे ते जतनाचे काम. प्रत्येक आज्ञावली आपली रचना स्वतःच्या खास स्वरूपात साठविते आणि ते स्वरूप दुसरीला वाचता येत नाही. परंतु समाईक स्वरूपेही आहेत. मिडीच्या नोंदींसाठी १९८८ पासून ठरलेले प्रमाण स्वरूप आहे. स्वरलिपीसाठी म्युझिकएक्सएमएल आहे. तेही काही काळ एका कंपनीच्या मालकीचे होते, पण २०१५ मध्ये ते जागतिक जाळ्याचे प्रमाण ठरविणाऱ्या मंडळाच्या स्वाधीन करण्यात आले. ध्वनीसाठी साधे, न दाबलेले वेव्ह स्वरूप आहे. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या बर्लिनच्या दोन स्वतंत्र संस्थांनी उपकरणे जोडण्याची क्लॅप नावाची नवी मोकळी पद्धतही सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

तेव्हा ज्या शाळेत मुले संगणकावर चाली बांधतात, तेथे शिक्षकांनी प्रत्येक रचनेची एक प्रत समाईक स्वरूपात काढून ठेवावी. ज्या ग्रंथालयात स्थानिक गायक-वादकांची ध्वनिमुद्रणे जमा होतात, तेथे आज्ञावलीच्या खास स्वरूपाबरोबरच वेव्ह स्वरूपातील प्रत आणि कागदावर छापलेली स्वरलिपी ठेवावी. आज्ञावली विकत घेताना किमतीबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: यातून माझे काम बाहेर काढता येते काय? आणि निर्माता उद्या नसला तर हे उघडेल काय? ज्याचे उत्तर होकारार्थी, ते अवजार थोडे कमी चकचकीत असले तरी पत्करावे. अवजाराचा मालक बदलला तरी त्यावर केलेले काम करणाऱ्याचेच राहिले पाहिजे, आणि तेवढी दक्षता एखाद्या लहानशा शाळेलाही घेता येण्यासारखी आहे.